आधी धरा, मग हसा

माळ्याच्या हातातल्या पाइपसमोर मी स्वतःहून जाऊन उभी राहिले. पाणी कमरेपासून खाली धबाधबा कोसळत होतं आणि मी आरतीला उभी असल्यासारखी शांत होते.

"ओ काकी! अहो बाजूला व्हा की!" माळी ओरडला. पाइप आपणच वळवायचा असतो, हे त्याला जरा उशिराच सुचलं.

"असू दे रे," मी म्हटलं. "उकडतंय."

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. सांगलीच्या त्या बागेत जमलेली निम्मी माणसं माकडटोपी घालून हसत होती. हसत होती म्हणजे खरंच हसत होती, कारण आमचा हास्यक्लब होता. सिमेंटच्या कट्ट्यावर आमचे हे उभे होते आणि सिंहहास्य घेत होते. सिंहहास्य म्हणजे जीभ बाहेर काढायची, डोळे वटारायचे, पंजे पुढे करायचे आणि डरकाळी फोडत हसायचं. निवृत्त माणसांनी हे उजाडताना का करायचं, ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी मात्र सगळे सिंह जिभा तशाच बाहेर ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"मंडळी, घाबरू नका," हे कट्ट्यावरून म्हणाले. "आमच्या गल्लीत नळाला पाणी येत नाही, म्हणून हिला अंघोळीला इथे आणतो."

सगळे सिंह खदखदून हसले. मी साडी पिळली, मान खाली घातली आणि घरी निघाले. थंडीने दात वाजत होते, पण मनातून हायसं वाटत होतं. साडी सगळीच भिजली, की ती आधी कुठे भिजली होती हे कुणी विचारत नाही.

आता लपवण्यात अर्थ नाही. मला हसलं की होत असे.

दुखणं तसं जुनंच. माझा धाकटा जन्मला तेव्हा नर्सला काटा बिघडलाय असं वाटून तिने त्याला दोनदा तोललं होतं. त्याच्यानंतर शिंकलं की एखादा थेंब. पाळी गेल्यावर थेंबांना आणखी निमित्तं मिळाली. खोकला, शिंक, जिना, बादली, हसू. बाकी सगळ्यांवर तोड निघत होती. शिंक नाक दाबून मारता येते, बादली अर्धी भरता येते. गडद रंगाच्या साड्या घेता येतात. आत जुन्या धोतराची घडी ठेवता येते. लग्नाला गेलं की वधूच्या आधी संडास कुठे आहे ते बघून ठेवता येतं. हसण्यावर मात्र तोड नव्हती, कारण मी श्रीपाल मगदुमांशी लग्न केलं होतं.

हे एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. गाडी उशिरा येणार असली, की लाउडस्पीकरवरून असं काही सांगायचे की अडकलेले प्रवासी हसत बसायचे. घरी तर काय, लाउडस्पीकरची गरजच नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं हसू गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. सासूबाई म्हणायच्या, "श्रीपाल, जेवताना नको रे, तिला ठसका लागतो."

निवृत्त झाल्यावर हे वर्षभर खिडकीत बसून होते. रस्त्याने एसटी गेली की घड्याळ बघायचे आणि "लेट" म्हणायचे. दिवसभरात तेवढंच बोलणं. मग कुणीतरी ओढून हास्यक्लबात नेलं, तिथे प्रमुख केलं, आणि माणूस परत जागा झाला. पहाटे उठून आरशासमोर नवे हास्यप्रकार बसवू लागला. मी त्यांच्यासाठीच जायची. शेवटच्या रांगेत, फाटकाजवळ उभी राहून तोंड उघडायची आणि आवाज काढायची नाही. याला क्लबात मौनहास्य म्हणतात. मी सगळ्याच प्रकारांत तेच करत होते. त्या दिवशी सिंहाच्या वेळी यांची टोपी डोळ्यांवर आली आणि हे आंधळ्या सिंहासारखे कट्ट्यावरून पडता पडता राहिले. माझं मौन तिथेच सुटलं.

त्यानंतर मी क्लबात जाणं बंद केलं.

"गुडघा," मी म्हटलं. गुडघ्याचं एक चांगलं असतं. पन्नाशीनंतर त्याच्यावर कुणी शंका घेत नाही.

हे क्लबातून आले की चहाबरोबर तिथल्या गमती सांगायचे. गंमत रंगात आली की मी उठायची.

"दूध उतू जाईल."

"दूध फ्रीजमध्ये आहे."

"मग दही लावते."

स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्याला घट्ट धरून उभी राहायची. बाहेर हे शेवटचं वाक्य एकट्यानेच, हळू आवाजात पुरं करायचे. मला ते ऐकू यायचं. चांगलं असायचं, हीच तर पंचाईत होती.

पुढे यांनी विषय काढला तो मेळाव्याचा. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी हास्यदिन असतो. त्या दिवशी जिल्ह्यातले क्लब सांगलीत एका मंगल कार्यालयात जमणार होते आणि प्रत्येक क्लबप्रमुखाने सपत्नीक व्यासपीठावर येऊन सभागृहाला हसवायचं होतं.

"येशील ना?"

"गुडघा आहे हो."

"हसायचंय, हेमा. कबड्डी नाही खेळायची."

"बघू."

"बघू काय? कोरे सर काल सगळ्यांसमोर म्हणाले, मगदूम, वहिनी दिसत नाहीत. प्रमुखाच्याच घरात हसू नसेल तर क्लबाने काय समजायचं?" यांनी कपबशी बाजूला सारली. "मी तुला एवढा कंटाळवाणा झालोय होय?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बत्तीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाला मी माझी पाळी आली हेसुद्धा "आज लोणच्याला हात लावणार नाही" असं सांगत होते, त्याला हे कुठल्या लोणच्यातून सांगायचं?

सांगलीत लाज वाटेल असं काही दुखणं झालं की माणसं मिरजेला जातात. मिरजेची माणसं सांगलीला येतात. मधल्या रस्त्यावरून रोज किती लाज इकडची तिकडे होत असेल, देव जाणे. मी मावसबहिणीला बघायला जाते असं सांगून मिरजेची बस धरली. तिथल्या लेडी डॉक्टरांनी तपासलं आणि ऑपरेशनचं काही कारण नाही, खालचे स्नायू सैल झालेत, व्यायामाने बरं होईल, असं सांगून वरच्या मजल्यावर शाहीन बारगीर नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

बाहेर बाकावर बसते तर शेजारी मासिकामागे तोंड लपवलेली बाई ओळखीची निघाली. कमलताई आरवाडे. क्लबात शेवटच्या रांगेत माझ्याच बाजूला असायच्या. हसताना पायावर पाय टाकून उभ्या राहायच्या. लहानपणी नाच शिकल्या असतील, असं मला वाटायचं.

"अगबाई! तुम्ही इथे?" त्या म्हणाल्या.

"मी... दातासाठी आले होते."

समोरच्या भिंतीवर बाईच्या ओटीपोटाचं आडवं कापलेलं भलंमोठं रंगीत चित्र होतं. त्यात दात कुठेच नव्हते. आम्ही दोघींनी ते चित्र नीट बघून घेतलं.

"मीपण," कमलताई म्हणाल्या. "दाढ."

"दाढ फार वाईट."

"फार."

तेवढ्यात आतून हाक आली, "आरवाडे मावशी, चला, आज मशीनवर बघू तुमची पकड किती सुधारली ती!"

कमलताई उठल्या. पदर सावरला. "दाढ दाखवून येते," म्हणाल्या आणि ताठ मानेने आत गेल्या.

माझा नंबर आला तेव्हा शाहीनने विचारलं, "काय होतंय, मावशी?" माझ्या धाकट्याच्याच वयाची मुलगी होती.

"गुडघा," मी म्हटलं. तोंडाला सवयच लागली होती.

"गुडघा खालच्या मजल्यावर. इथे रोज कुणी ना कुणी गुडघा घेऊन येतंच. शिंकल्यावर होतं का?"

"हो."

"हसल्यावर?"

मी भिंतीकडे बघून मान हलवली.

"मग हसणं बंद केलं असेल."

माझे डोळे भरून आले. त्या काळात माझं कुठलंच पाणी माझं ऐकत नव्हतं. तिने रुमाल पुढे केला आणि मी नाक पुसून होईपर्यंत खिडकीचा पडदा नीट करत राहिली.

मग समजावून सांगितलं. पोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय, सगळं त्या झोळीत. बाळंतपणात ती ताणते, पाळी गेल्यावर आणखी सैल होते. झोळी पुन्हा आवळायला शिकवायची.

"मावशी, समजा चारचौघांत बसलाय आणि पोटात वारा धरलाय. काय करता?"

"आवळून धरते."

"तेच! तेच आतून वर ओढायचं, आणि मग पूर्ण सोडायचं. सोडणंही तेवढंच महत्त्वाचं. मांड्या आवळायच्या नाहीत, पोट नाही, श्वास रोखायचा नाही."

एकत्र कुटुंबात, सासऱ्यांच्या समोर, जमिनीवर बसून जेवणं वाढण्यात माझी उमर गेली होती. या विद्येसाठी मिरजेला यावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

"मावशी, भुवया आवळू नका. त्यांचा काही संबंध नाही."

मी भुवया सोडल्या.

"आता दुसरं. शिंक येतेय असं वाटलं, की आधी धरायचं, मग शिंकायचं. खोकला तसंच. आधी धरा, मग हसा. आणि पाणी पिणं बंद केलं असेल, ते सुरू करा. कमी पाण्याने लघवी कडक होते, घाई वाढते. मे महिन्यापर्यंत बराच फरक पडेल, पण रोज करायला हवं. घरी मालकांना सांगितलंय?"

"नाही."

"सांगा की. घाबरण्यासारखं काही नाही."

ती अविवाहित असावी.

परतीच्या बसमध्ये कमलताई आणि मी शेजारी शेजारी बसलो आणि सांगली येईपर्यंत तूरडाळीच्या भावाबद्दल बोललो.

व्यायाम सुरू झाला. या व्यायामाला चटई लागत नाही, कुणाला कळतही नाही. बँकेच्या रांगेत, आमच्या जैन बस्तीत प्रवचन ऐकताना, कुकरच्या शिट्टीला, कुठेही करता येतो. भुवयांचं मात्र मला शेवटपर्यंत जमलं नाही. भाजीवालीला वाटायचं, भाव ऐकून माझा चेहरा असा होतो. तिने वांगी आपणहून स्वस्त केली. हळूहळू शिंक ताब्यात आली. बादली पूर्ण भरून उचलू लागले.

अडचण राहिली ती यांची. शिंक येण्याआधी नाकात वर्दी देते. यांचा विनोद काहीच वर्दी न देता येतो.

एप्रिलमध्ये हे मेळाव्यासाठी नवीन किस्से बसवायला लागले. एका संध्याकाळी माझ्यासमोर बसून एक सुरू केला. कंडक्टर, म्हातारी आणि पिशवीतली कोंबडी. मला कोंबडीचीच भीती वाटली.

"थांबा," मी म्हटलं. "यात हसायचं कुठे आहे ते आधी सांगा."

"काय?"

"म्हणजे, साधारण कुठल्या शब्दाला हसू येईल? तेवढं सांगून मग सुरू करा."

यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी यांना लिलावात काढलंय. "विनोदाचा शेवट आधी सांगू?"

"शेवट नको. अंदाज द्या."

हे उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. तासाभराने आले.

"कोरे सरांना सांगून आलो. मेळाव्याला आता ते जातील. सपत्नीक. प्रमुखही तेच."

"अहो, का पण?"

"त्यांची बायको कुठे हसायचं ते विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी हे बागेत गेले नाहीत. खिडकीत जाऊन बसले. समोरून एसटी गेली. यांनी घड्याळ बघितलं, पण "लेट" म्हणाले नाहीत. मी पाठीमागे उभी होते. सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि विचारलं, "पोहे करू का?"

दोन-चार दिवसांनी कोरे सर स्वतःच आमच्या घरी आले. निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीचा सदरा, बगलेत फाइल. हसवणं ही जबाबदारी आता त्यांच्यावर होती आणि तिचं ओझं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मगदूम, तुम्ही पद सोडलंत, ठीक. पण सिंहहास्य मला जमत नाही. जीभ बाहेर काढली की 'ह' म्हणता येत नाही. हे कसं करता?"

"करून दाखवा," हे कंटाळून म्हणाले.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होते. कोरे सर खोलीच्या मधोमध उभे राहिले. चष्मा काढून खिशात ठेवला. फाइल खाली ठेवावी की नाही यावर विचार केला आणि शेवटी ती बगलेतच ठेवून दोन्ही पंजे जेमतेम छातीपर्यंत उचलले. मग जीभ बाहेर काढली आणि हजेरी घेतल्यासारखं, एकेक सुटं, म्हणाले,

"हा."

थांबले.

"हा."

पुन्हा थांबले. जीभ आत घेतली. "तिसरा लगेच घ्यायचा की श्वास घेऊन?"

मला धरायला वेळच मिळाला नाही. हातात ट्रे होता, आणि सिंहाने प्रश्न विचारेपर्यंत दोन वर्षं दाबलेलं सगळं हसू घशाशी आलं होतं. मी हसले. पूर्वीसारखी, गल्लीच्या टोकापर्यंत. कपबशा खणखणत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बाकीचंही. आधीइतकं नव्हतं, व्यायाम झाला होता. पण माझ्या पायाखाली फरशीवर दिसेल इतकं होतं.

"बघा!" कोरे सर हरखून म्हणाले. "वहिनी हसल्या! म्हणजे बरोबर आहे माझं!"

मी पाऊल उचलू शकत नव्हते. उचललं असतं तर दिसलं असतं. ट्रे धरून तशीच उभी राहिले. मला फरशीवर पाय नसावेत असं वाटत होतं. मान वर केली तर हे माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्याकडे, मग खाली, मग परत चेहऱ्याकडे.

हे उठले. "दे, मी घेतो," म्हणाले, ट्रेला हात लावला आणि सगळाच्या सगळा चहा माझ्या पायांवर सांडला.

"अरेरे! माझा धक्का लागला. सर, सोफ्यावर पाय वर घ्या. हेमा, तू आत जा, पाय भाजतील. मी पुसतो."

इतका वेळ ट्रे धरून उभी होते, चहा निवला होता. मी आत गेले.

बाहेर कोरे सरांना चौथा 'हा' कुठे घ्यायचा ते यांनी समजावून दिलेलं ऐकू येत होतं. ते गेल्यावर हे फरशी पुसण्याचं फडकं घेऊन आत आले. साडी बदलून मी पलंगाच्या कडेवर बसले होते. माझ्याकडे न बघता यांनी विचारलं,

"बागेत पाइपखाली गेलीस, त्या दिवशीपण?"

"हो."

"आणि दूध उतू जायचं ते?"

"हो."

"किती दिवस चाललंय हे?"

"धाकट्यापासून. दोन वर्षांत जास्त. आता कमी होतंय. मिरजेला जाते."

"मावसबहीण?"

"ती बरी आहे."

हे बराच वेळ फडक्याची घडी घालत बसले. ओल्या फडक्याची घडी कुणी घालत नाही. मला वाटलं आता विचारतील, मला का नाही सांगितलंस. शेवटी घसा खाकरून म्हणाले,

"म्हणजे... विनोद चांगले होते?"

"चांगले होते म्हणून तर!"

चेहरा खुलला. मग लगेच पडला. "पण आज हसलीस ती कोरेंना."

"तुम्ही कोंबडीचं पूर्ण सांगितलं कुठे?"

त्या संध्याकाळी मी यांना सगळं सांगितलं. झोळी, पाणी, आवळणं, सोडणं. मान वर करून नाही, तांदूळ निवडत सांगितलं. यांनी मध्येच खुर्चीवर ताठ बसून डोळे मिटले.

"काय करताय?"

"धरून बघतोय. पुरुषांना असतात का हे स्नायू?"

"भुवया आवळू नका."

"हे क्लबात सांगायला पाहिजे, हेमा. आपल्याकडे एवढ्या बायका येतात."

माझ्या हातातलं ताट निसटलं. "खबरदार! माझं नाव निघालं तर मी माहेरी जाईन."

"माहेरी आता आहे कोण?"

"कुणी नसलं तरी जाईन."

"नाव नाही घेणार. शप्पथ. पण तू चल."

कोरे सरांनी पद परत दिलं, ते आनंदानेच. त्यांना चौथा 'हा' लागलाच नव्हता.

मेळाव्याच्या सकाळी मंगल कार्यालय भरून गेलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर पुरुष, मागे बायका, आणि अगदी मागे, दाराजवळ, खुर्च्या रिकाम्या असूनही उभ्या राहिलेल्या बायका. कमलताई त्यांच्यात होत्या. मी व्यासपीठावर, यांच्या शेजारी, गडद जांभळ्या साडीत.

"मंडळी," हे माइकवर म्हणाले, "आज एक नवीन हास्यप्रकार. यात एकदम हसायचं नाही. आधी धरायचं, मग हसायचं."

"काय धरायचं?" पुढच्या रांगेतून आवाज आला.

कुणी कान धरले. कुणी खुर्चीचे हात. एका आजोबांनी शेजारच्यांचा हात धरला आणि सोडून दिला. कोरे सरांनी फाइल धरली.

"सांगतो. समजा, आपण चारचौघांत बसलोय. सकाळी मुळ्याची भाजी खाल्लीय. आणि पोटातून निरोप आला."

सभागृहाचं छप्पर उडालं. माझं तोंड कानापर्यंत तापलं. स्टेजच्या फळ्या कशावर ठोकल्यात, आत जाता येईल का, असं मी खरोखरच बघत होते.

"मगदूम!" कोरे सर उभे राहिले. "महिला आहेत इथे!"

"सर, हे त्यांच्यासाठीच चाललंय. बसा, आणि धरा."

पुरुष एकमेकांकडे बघून खिदळत होते. दाराजवळच्या बायका मात्र हसत नव्हत्या. त्यांनी माना खाली घातल्या होत्या. "धरा!" हे म्हणाले, आणि मला वरून दिसलं, की तिथे एकेक करत भुवया आवळल्या जातायत. सगळ्यांच्या नाही. काहींना खरंच काही होत नसेल, किंवा त्या आमच्याहून पक्क्या असतील. यांनी वाट बघितली, माझ्याकडे एकदा तिरपं बघितलं, आणि मग म्हणाले, "हसा!"

हसले सगळे. मीही हसले. काही झालं नाही, एवढंच सांगते.

कार्यक्रमानंतर पुरुष जेवणाकडे धावले आणि बायकांची रांग नेहमीप्रमाणे बाथरूमकडे लागली. मी रांगेत उभी राहिले तर बाकीच्या बायका मागे वळल्या. कमलताई होत्या, परगावच्या दोन-तीन होत्या, एक कडेवर तान्हं घेतलेली पोरगी होती. आणि सगळ्यांत पुढे कोरेबाई. मुख्याध्यापकांची बायको, ताठ, काठापदराची, कधी कुणाशी चार शब्द जास्त न बोललेली.

"मगदूमवहिनी," त्यांनी विचारलं, "हे पुरुषाला आपणहून सुचायचं नाही. मगदुमांना कुणी शिकवलं?"

पेपरात वाचलं, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. कमलताई नखं बघत होत्या. कडेवरच्या पोराने शिंक दिली आणि त्याची आई उगाचच दचकली. यांना सांगताना हातात निवडायला तांदूळ तरी होते.

"मी," मी म्हटलं. "मला हसलं की होतं. मिरजेला शिकले. ऑपरेशन लागत नाही."

रांग पुढे सरकली होती, जागा रिकामी झाली होती, तरी कुणी हललं नाही. मग कोरेबाईंनी मागेपुढे बघितलं, माझ्या अगदी जवळ आल्या आणि पदर तोंडाशी धरून म्हणाल्या,

"मला शिंकल्यावर होतं. हसल्यावर होतं का, ते सांगता यायचं नाही. आमच्या घरी तसा प्रसंग आलेला नाही."